सात नंबर

सात नंबरच्या मागाला एक खोड होती.
दर सव्वा हातावर एक काडी गाळायचा,
बरोबर मोराच्या मानेपाशी.
सिकंदर तडवी म्हणायचा, राहू द्या ताई,
आपल्या मोराला ठसका लागतो.
दुबईची पार्टी आली की साहेब
तेवढी घडी आत घालायचे.

मी पट्टी शिवायचे. सहा बाय नऊची चटई,
चारी बाजू, कोपऱ्यावर दोन टाके जास्तीचे.
नगाला चार रुपये दहा पैसे.
मग कुणीतरी कुठूनतरी स्वस्त देतंय म्हणाले,
तीन साठ.
मग डॉलर हलला.
तो पडला तरी आमचं कमी, चढला तरी आमचं कमी.
ललिता नेहेते म्हणाली, हा डॉलर माझ्या नणंदेसारखा वं माय,
रुसली तरी खर्च, हसली तरी खर्च.

एप्रिलात, एमआयडीसीचे पत्रे वरून भाजत असताना,
माग उकलले.
सिकंदरने एकेका भागावर रंगाने आकडे घातले,
७ क, ७ ख, ७ ग,
तिकडे जुळवताना चुकायला नको म्हणून.
ग्रीस, गोणपाट, आठ माग, दोन कंटेनर.
मालक म्हणाले, कारखाना बंद नाही होत, जागा बदलतेय.
तिकडे वीज स्वस्त, जकात माफ.
मजुरीचं काही बोलले नाहीत.
गावाचं नाव टांगा. आम्ही हसलो.
हसून झाल्यावर ललिता म्हणाली,
आते काय करानं?

सिकंदरला तीन महिने तिकडे नेलं, शिकवायला.
समुद्र दाखवत फोन करायचा.
एकदा म्हणाला, इथल्या बाया फार हुशार, ताई.
चार दिवसांत शिकल्या.
आणि गप्प झाला,
जसं काही त्याच्या हातून काही फुटलं.
आता तो रावेरला केळीच्या गाड्या भरतो.
मी डाळमिलमध्ये, रोजावर.
इथे नग मोजत नाहीत, दिवस मोजतात.
पण बोटांना कोण सांगणार,
रात्री झोपेत ती चादरीची कड दुमडत जातात.

परवा हर्षाली, माझ्या बहिणीची पोर, नर्सिंगला आहे,
फुले मार्केटातून खोलीसाठी चटई घेऊन आली.
एकशे ऐंशीला, मावशी, घासाघीस करून.
फरशीवर झटकली. मोर.
डोळ्यांआधी बोट गेलं मानेपाशी.
एक काडी गळालेली.
पुढे सव्वा हातावर परत.
ती लेबल वाचत होती इंग्रजीतलं,
तोवर मला सगळं कळलं होतं.

मी कोपरा उलटा केला.
टाके तीन.
माझे दोन असायचे.
एकसारखे, ओढून घट्ट केलेले, दोरा दातांनी तोडलेला;
कात्री मागायला उठायचं म्हणजे अर्धा नग जातो,
हे तिलाही माहीत आहे तर.

काय मिळत असेल तिला नगाला?
तिच्या डोक्यावरही पत्राच असेल का?
तिसरा टाका तिने स्वतःहून घातला,
की तिथले साहेब फार बारीक बघतात?
आणि महिनाअखेरीला, रेट उतरवताना,
तिला सांगत असतील तिच्या भाषेत,
बाई, परवडत नाही,
कुठेतरी कोणीतरी आहे
जी दोन टाक्यांत भागवते.

ती मीच की.

हर्षालीने मानेवर नख फिरवलं.
मावशी, डिफेक्टची दिली वाटतं मेल्याने.
बदलून आणू?

नको म्हटलं.
शिवण चांगली आहे.